पहाटेची आगगाडी आणि एक प्रश्न : सगळे गेले कुठे?

रावेरचा_पोऱ्या

मंडळी, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे शेतीच्या थ्रीफेज विजेची पाळी रात्रीची होती. दादा केळीला पाणी द्यायला मळ्यात आणि मी इकडे पुण्यात झोपेत. पावणेपाचला फोन. एवढ्या पहाटे घरून फोन आला की पोटात गोळाच येतो, मला वाटलं अण्णांचं काही झालं. तर दादा कुजबुजत सांगतोय, "अरे वरून आगगाडी चाललीय. चाळीसच्या वर डबे मोजले. आवाज नाही, काही नाही." कुजबुजत का होता ते त्यालाच माहीत, वरच्यांना ऐकू जाईल असं वाटलं असेल. मी डोळे चोळत म्हटलं, स्टारलिंकचे उपग्रह असतील, एकाच रॉकेटने ढीगभर सोडतात, पहिले काही दिवस रांगेत दिसतात मग पांगतात. खाली अजून अंधार असतो पण तेवढ्या उंचीवर ऊन पोचलेलं असतं, म्हणून चमकतात. जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हंजे माणसांचंच निघालं." बिचारा बॅटरी विझवून विहिरीच्या कठड्याला टेकून बघत बसला होता, आणि मी त्याचा पार फुगा फोडला.

सकाळी अण्णांनी फोन घेतला. त्यांचा सरळ प्रश्न, हे खोटे कळले, मग खरे का येत नाहीत?

मी उत्तर द्यायला गेलो आणि अडकलो. आपल्या आकाशगंगेतच दहा हजार कोटींच्या वर तारे. दुसऱ्या ताऱ्यांभोवती सापडलेले ग्रह पाच हजारांच्या पुढे गेले. मग एखादं तरी गाव वसलेलं असेल ना? तुम्हाला काय वाटतं? आणि प्लीज, पुराणातली विमानं नकोत, त्यावर आधीच तीन धागे आहेत.

भरीतप्रेमी

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहीन.

डाऊन_लाईन

भुसावळ आउटरला उभी असेल त्यांची गाडी. सिग्नल मिळत नाही, दुसरं काय.

शिरपूरची_लेक

हसून हसून पुरेवाट!! पहिल्याच पानावर धागा संपला म्हणायचा.

पांझरकाठ

धागाकर्ते, तुमच्या अण्णांनी जो प्रश्न विचारला तोच १९५० साली अमेरिकेत लॉस अलामॉसला एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञाने विचारला होता. जेवायला बसले होते चौघं, फर्मी, टेलर, कोनोपिन्स्की आणि यॉर्क. आधी उडत्या तबकड्यांवर गप्पा झाल्या होत्या, मग विषय बदलला, आणि मधेच फर्मी म्हणाला, अरे पण सगळे आहेत कुठे? अहिराणीत सांगायचं तर, सर्वा कोठे गयात रे भो?

मी बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यामुळे आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. लोक म्हणतात अंतरं फार आहेत म्हणून कोणी येत नाही. बघू. आपलं, म्हणजे माणसांचं, व्हॉयेजर १ यान सेकंदाला १७ किलोमीटरने चाललंय. प्रकाश ३ लाख किलोमीटरने. म्हणजे आपला हा लाल डबा प्रकाशापेक्षा साधारण १७,६०० पट हळू. सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सव्वाचार प्रकाशवर्षांवर, तिथवर जायला पाऊण लाख वर्षं. ऐकून छाती दडपते ना? आता आकाशगंगेची अख्खी रुंदी, एक लाख प्रकाशवर्षं, घ्या. त्याच लाल डब्याने १७६ कोटी वर्षं. आणि आकाशगंगेचं वय हजार कोटी वर्षांच्या वर आहे! म्हणजे कोणी फार आधी निघालं असतं तर एसटीच्या वेगाने सुद्धा पाच वेळा आरपार होऊन गेलं असतं. फर्मीचा मुद्दा हाच. अंतर हे पुरेसं कारण नाही.

रावेरचा_पोऱ्या

सर, हे असं कोणी शाळेत सांगितलं असतं तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

शंकासूर

पांझरकाठ सरांचं गणित बरोबर, म्हणूनच उत्तर सोपं आहे. कोणी नाही. एवढं मान्य करायला माणसाला जड जातं म्हणून मग ते लपलेत, ते झोपलेत, ते आपल्याला बघून हसतायत, असल्या कथा. पोरगं घरी आलं नाही की आई म्हणते ना, मित्राकडे थांबला असेल.

नंदुरबारी

@शंकासूर इतकं ठाम बोलू नका. मी स्वतः बघितलंय. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, तेव्हा मी जळगावला बहिणीकडे होतो. गच्चीवर पोरं ओरडायला लागली म्हणून हातातली पुरणपोळी तशीच घेऊन वर गेलो. पेटते गोळे, एकामागे एक, पश्चिमेकडून पूर्वेकडे, सावकाश. उल्का असा वेळ देत नाही. आख्ख्या कॉलनीने हात जोडले होते.

पांझरकाठ

नंदुरबारी, ते मीही धुळ्यातून पाहिलं, आणि दिसायला अद्भुतच होतं यात वाद नाही. पण ती चिनी रॉकेटची रिकामी टाकी वगैरे होती, परत येताना वातावरणात जळाली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं कडं पडलं होतं भलंमोठं, तीनेक मीटर व्यासाचं. बैलगाडीच्या धावेसारखं दिसत होतं फोटोत.

नंदुरबारी

कडं पडलं ते मान्य. पण सगळंच कड्यावर ढकलू नका.

डाऊन_लाईन

म्हणजे दोन्ही वेळेला माणसांचंच निघालं. दादांना सांगा, एकटे नाहीत ते.

शिरपूरची_लेक

मी मायक्रोबायोलॉजीवाली, त्यामुळे माझं डोकं जंतूंच्या बाजूने चालतं. सगळे "जीवसृष्टी" आणि "बुद्धिमान जीवसृष्टी" एकाच पोत्यात भरतायत. पृथ्वीवर जीव फार लवकर आला, साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या खुणा सापडतात. पण त्यानंतर जवळजवळ दीडशे कोटी वर्षं काय होतं? नुसते जंतू. शेवाळी, गाळ, जंतू. मग एकदा, एकदाच हं, एका पेशीने दुसरीला पोटात घेतलं आणि पचवलंच नाही, ती आतच राहून कामाला लागली. तीच आपली मायटोकॉण्ड्रिया, प्रत्येक पेशीतलं पॉवरहाऊस. झाडं, बुरशी, बिबट्या, तुमचे दादा, सगळे त्या एका भानगडीचे वंशज. इतक्या वर्षांत, इतक्या अब्जावधी जंतूंमध्ये ही गोष्ट पुन्हा जमल्याचं दिसत नाही. मला तर वाटतं विश्वात जीव ठिकठिकाणी असेल, पण बहुतेक ठिकाणी दह्याच्या भांड्याच्या पुढे गाडी गेली नसेल.

आणि नारळीकर सर आपल्याला गेल्याच वर्षी, २०२५ मध्ये सोडून गेले म्हणून आठवण काढते. २००१ साली हैदराबादहून फुगा सोडून त्यांच्या गटाने ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणले होते, त्यात जिवंत पेशी सापडल्या. बाहेरून येतात की खालून उडून जातात, यावर अजून एकमत नाही. पुढच्या उड्डाणात तीन नवे जंतू मिळाले, त्यांना हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांची नावं दिली. एलियन शोधायला निघाले आणि जंतूंचं बारसं करून आले, मला हे फार गोड वाटतं.

भरीतप्रेमी

शिरपूरच्या ताई, दह्याचं भांडं हे उदाहरण भारी. आता दही खाताना गिल्टी वाटणार.

चाळीसगावकर

ड्रेकचं समीकरण अजून कोणी काढलं नाही म्हणून मी काढतो. १९६१ चं. किती तारे जन्मतात, त्यातल्या किती जणांना ग्रह, किती ग्रहांवर जीव, असं गुणत गुणत जायचं, आणि शेवटचा आकडा "एल", म्हणजे संदेश पाठवणारी संस्कृती टिकते किती वर्षं. बाकी आकड्यांवर शास्त्रज्ञ भांडोत, माझा जीव या एलवर अडकतो आणि त्याला कारण आमचं पाटणं.

पाटणादेवीला सगळे जातात, धबधबा बघतात, सेल्फी काढतात. तिथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, शके ११२८ चा. आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला दान मिळालं. लेखाचा शेवट चक्क जुन्या मराठीत आहे, पाटणच्या बाजारात माल विकला गेला की राजाचा जो हिस्सा गिऱ्हाइकाकडून यायचा तो मठाला दिला वगैरे. म्हणजे खानदेशात आठशे वर्षांपूर्वी बाजाराच्या पट्टीवर गणिताची शाळा चालायची! आता जाऊन बघा. दगड आहे. शाळा कुठे आहे? कधी बंद पडली, शेवटचा विद्यार्थी कोण, कोणालाच माहीत नाही. कोणी बॉम्ब टाकला नव्हता हो. नुसतं कोणीतरी एक दिवस पट्टी द्यायचं थांबलं असेल.

मला वाटतं वरचेही असेच जात असतील. स्फोट बिफोट नाही. पट्टी थांबते.

शंकासूर

चाळीसगावकर, हे मात्र आवडलं. पहिल्यांदा कोणीतरी सांत्वन सोडून बोललं.

विज्जलविड_पंखा

भास्कराचार्य पाटण्याचे नाहीतच मुळी, विजापूरकडचे. उगाच खानदेशात ओढू नका.

चाळीसगावकर

नातवाचा लेख म्हटलं मी, जन्मगाव म्हटलं नाही. नीट वाचा. आणि लेखात आख्खी वंशावळ आहे ती काय विजापूरला कोरली का? सह्याद्रीच्या कुशीतलं विज्जलविड असं त्यांनी स्वतः लिहिलंय, विजापूरला सह्याद्री कुठून आला ते सांगा आधी.

विज्जलविड_पंखा

सह्य म्हणजे आजचाच सह्याद्री हे कोणी ठरवलं?

अ‍ॅडमिन

दोघांनी वेगळा धागा काढावा. पुढचे अकरा प्रतिसाद तिकडे हलवले आहेत. इथे एलियन.

डाऊन_लाईन

अकरा!! परग्रहावरून कोणी वाचत असेल तर याच कारणाने येत नसेल.

सातपुडा_भटक्या

उशिरा आलो. यावल-पालकडे जंगलात असतो, नेट नसतं. माझा अनुभव सांगतो, विषयाशी कसा जुळतो ते बघा.

एका गावात केळीच्या बागेत बिबट्याची मादी किमान दोन वर्षं राहत होती. गावाला पत्ता नाही. केळीची बाग म्हणजे काय, आत गारवा, पाणी, वाळल्या पानांचा जाड थर, पाय टाकला तरी आवाज नाही. माणसं रोज आत जायची, पील काढायची, घडाला दोरी बांधायची, खत टाकायची. ती त्यांना रोज बघत असणार. कळलं कधी? कापणीला एका ओळीत पिल्लं सापडली तेव्हा. मग कॅमेरे लावले, तर एका फोटोत पुढे पाण्याची बादली घेतलेला सालदार आणि मागे दहा-बारा फुटांवर दोन डोळे. त्या सालदाराला फोटो दाखवला, तो खालीच बसला.

तर आपण सालदार असू शकतो. १९७३ मध्ये जॉन बॉल नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलंय हे, प्राणिसंग्रहालयाची कल्पना म्हणतात, की ते बघतायत, पण मुद्दाम लांब राहतायत. आणि दुसरी बाजू पण आहे. जंगलात सगळेच गप्प असतात ते का? जो ओरडतो तो खाल्ला जातो. वानर ओरडतं ते झाडावर बसून, खाली उभं राहून नाही.

शंकासूर

भटक्या, गोष्ट जबरदस्त, पण तुमच्याच उदाहरणाने उत्तर देतो. गावातली कुत्री कमी झाली होती की नाही? पायाचे ठसे होते की नाही? विष्ठा?

सातपुडा_भटक्या

होती. सहा कुत्री गेली दोन वर्षांत. लोक म्हणायचे कोणी विष घालतंय. ठसे पण होते, तरस म्हणून सोडून दिले.

शंकासूर

बस्स. मग आकाशातली कुत्री कमी झालेली दाखवा. कोणीतरी ताऱ्याभोवती मोठं बांधकाम केलं, ऊर्जा खाल्ली, कचरा टाकला, काहीतरी ठसा हवा. २०१५ मध्ये एका ताऱ्याचा उजेड विचित्र कमी-जास्त होतोय म्हणून केवढा गवगवा झाला, निघाली धूळ.

सातपुडा_भटक्या

पण ठसे होते आणि आम्ही तरस समजलो, हे तुम्ही सोयीने सोडलंत.

पांझरकाठ

वा, इथे खरा वाद आला. शंकासूर, आपण शोधलं किती ते पण बघा. १९६० मध्ये फ्रँक ड्रेकने ग्रीन बँकच्या दुर्बिणीने पहिल्यांदा कान लावला, दोनच ताऱ्यांकडे. तेव्हापासून साठ-पासष्ट वर्षं, तीही तुटक तुटक, पैसे मिळाले तेव्हा. जिल टार्टर या बाईंनी आयुष्य यात घातलं, त्या म्हणायच्या समुद्रातून एक ग्लास पाणी काढायचं आणि मासा नाही म्हणून समुद्रच रिकामा ठरवायचा, तसं आहे हे. आपण तापीत तांब्या बुडवू हवं तर.

आता नकाशा करू. आकाशगंगा म्हणजे आपला खानदेश धरा, नंदुरबार ते मुक्ताईनगर, साधारण दोनशे किलोमीटर. या मापात एक प्रकाशवर्ष म्हणजे दोन मीटर. प्रॉक्सिमा साडेआठ मीटरवर, शेजाऱ्याच्या ओसरीत. आणि माणसाच्या रेडिओच्या लहरी शंभरेक वर्षांत जिथवर पोचल्या ते वर्तुळ किती? चारशे मीटर रुंद. म्हणजे आख्ख्या खानदेशात एका वावराच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत आपल्या असण्याची बातमी गेलीय, आणि तीही इतकी क्षीण की बांधावरच्या माणसाने कानाला हात लावला तरी ऐकू यायची नाही. शहाद्याला कोणी राहत असेल तर त्याने आपल्याकडे यावं कशाला?

रावेरचा_पोऱ्या

सर हे अण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, "दोन मीटर म्हंजे केळीच्या ओळीपेक्षा थोडं जास्त." बांधापर्यंतचं एकदम पटलं त्यांना.

भरीतप्रेमी

पॉपकॉर्न संपलं, आता कळण्याची भाकरी घेऊन बसलोय.

नंदुरबारी

आणि वॉव सिग्नल? १५ ऑगस्ट १९७७, ओहायोच्या रेडिओ दुर्बिणीला ७२ सेकंद मिळालेला संकेत. त्याला पण टाकी म्हणणार?

पांझरकाठ

नाही म्हणणार. तो खरंच उलगडलेला नाही. पुन्हा कधी मिळाला नाही, म्हणून पुढे काही करता येत नाही. एकदाच वाजलेली मिस्ड कॉल.

पण सावध का राहायचं त्याची गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या मोठ्या दुर्बिणीला कित्येक वर्षं विचित्र संदेश मिळायचे, अगदी दूरवरून आल्यासारखे. आणि गंमत म्हणजे ते बहुधा कामाच्या वेळातच यायचे. २०१५ मध्ये कळलं, तिथल्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह! डबा गरम व्हायची वाट न बघता कोणी मधेच दार उघडलं की तेवढ्यात लहर निसटायची.

शिरपूरची_लेक

आमच्या लॅबमध्ये पण असाच एक महाभाग आहे, टिंग वाजेपर्यंत थांबवतच नाही त्याला 😀

बाय द वे, खोडदला गेलंय का कोणी? नारायणगावजवळ, जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात, मी भाच्याला घेऊन गेले होते. ४५ मीटरच्या तीस तबकड्या, द्राक्षाच्या मळ्यांमध्ये उभ्या. गोविंद स्वरूप सरांनी तारांची जाळी वापरून स्वस्तात उभारल्या, आरपार आभाळ दिसतं त्यातून. २०२३ मध्ये या दुर्बिणीने फार लांबच्या दीर्घिकेतून हायड्रोजनची खूण पकडली, तर आमच्या फॅमिली ग्रुपवर "भारताला एलियनचा मेसेज". हायड्रोजन होता हो. काकांना अजून पटलेलं नाही.

शंकासूर

तसंच ते के२-१८बी. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंब्रिजचे मधुसूदन यांनी सांगितलं, १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाच्या हवेत असा वायू असावा जो आपल्याकडे समुद्रातलं प्लवंग सोडतं. दुसऱ्या गटांनी तीच माहिती पुन्हा तपासली तर खूण फिकी पडली. बातमी पहिल्या पानावर, शंका सातव्या पानावर.

केळीवाला_काका

मी शेतकरी, एवढं शिकलेलो नाही, पण चाळीसगावकरांच्या टिकण्याच्या मुद्द्यावर बोलतो. आमची सगळी केळी ग्रँड नैन, जी-नऊ. टिश्यू कल्चरची रोपं, सगळी एकाच आईची कार्बन कॉपी. एका वेळी निसवतात, एका वेळी कापणी, व्यापाऱ्याला पण सोपं. पण रोग आला की एका झाडाला नाही, बागेला येतो. सीएमव्ही आला तेव्हा मी स्वतः चार हजार रोपं उपटून पुरलीत, पोंग्यातलं पान पिवळं पडलं की समजायचं गेलं. जगात ग्रोस मिशेल नावाची जात होती, सगळीकडे तीच, पनामा मर रोगाने पन्नासच्या दशकात तिचा धंदा बसला. मग हिच्या कुळातली आली. आता हिच्यावर पण नवा पनामा फिरतोय.

तर मला असं वाटतं की माणूस जसा पुढारतो तसा एकसारखा होत जातो. एकच बी, एकच फोन, एकच नेट. जो ग्रह लय पुढे जाईल तो सगळा जी-नऊ होत असेल. मग एक काहीतरी येत असेल आणि आख्खी बाग बसत असेल. म्हणून येत नसतील. आमच्या आजीच्या परसात पाच जातीच्या केळी होत्या, एक मेली तर चार होत्या.

चाळीसगावकर

काका, दंडवत घ्या.

पांझरकाठ

काका, याला शास्त्रात "मोठी गाळणी" म्हणतात, म्हणजे जिथे जवळजवळ सगळेच अडकतात अशी पायरी, रॉबिन हॅन्सनने मांडलीय. प्रश्न इतकाच की गाळणी आपल्या मागे आहे की पुढे. शिरपूरच्या ताई म्हणतात ती मागे, दह्याच्या भांड्यात. तुम्ही म्हणताय पुढे. ताई बरोबर निघाल्या तर आपण सुटलो. म्हणून मंगळावर साधा जंतू जरी सापडला तरी काही लोक म्हणतात ती वाईट बातमी, कारण मग जीव जमणं सोपं ठरतं आणि गाळणी पुढे असण्याची शक्यता वाढते.

शिरपूरची_लेक

मी बरोबर निघावं असं आयुष्यात पहिल्यांदा इतकं वाटतंय.

केळीवाला_काका

बरं, विहीर खणताना तो काळा पाषाण लागतो ना, सुरुंग लावून दमतो माणूस, तो पण कोणाची तरी गाळणीच होती म्हणे? नातू सांगत होता.

पांझरकाठ

बरोबर सांगतोय नातू. दख्खनचा लाव्हा, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच सुमाराला मेक्सिकोत अशनी आदळला आणि डायनासोर संपले, त्यात लाव्ह्याचा वाटा किती यावर अजून भांडण आहे. म्हणजे तुम्ही सुरुंग लावताय तो मागच्या मालकांच्या शेवटाच्या दिवसांतला दगड.

डाऊन_लाईन

सात-बारा कोणाच्या नावावर आहे ते बघून घ्या काका.

नंदुरबारी

सगळे म्हणतायत ते येत नाहीत. आपण तरी कुठे नीट बोलावलंय?

पांझरकाठ

बोलावलंय. १९७४ मध्ये अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून संदेश सोडला, १६७९ ठिपक्यांचा, एम१३ या तारकागुच्छाकडे, जो २५ हजार प्रकाशवर्षांवर आहे. उत्तर लगेच आलं तरी ५० हजार वर्षं. आणि ती दुर्बीण २०२० मध्ये कोसळली, म्हणजे उत्तर आलं तर घ्यायला ते घरच नाही. व्हॉयेजरवर तर तबकडी आहे, सोन्याचा मुलामा दिलेली. तिच्यावर ५५ भाषांतून नमस्कार, त्यात आपली मराठी पण! आणि केसरबाई केरकरांची भैरवी. आजच्या घडीला प्रकाशाला सुद्धा तिथवर पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो, इतक्या लांब केसरबाई पोचल्या.

सातपुडा_भटक्या

हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

रावेरचा_पोऱ्या

धागाकर्ता परत हजर. शनिवार-रविवार घरी जाऊन आलो, पाळी अजून रात्रीचीच. मी, दादा आणि हट्टाने अण्णा, तिघं मळ्यात. मोटार सुरू केली, ठिबकच्या नळ्या फुरफुरल्या, मग पाट्याजवळ घोंगडी टाकून पडलो. भटक्या, तुमच्यामुळे मी दर दोन मिनिटांनी केळीच्या ओळीत बॅटरी मारत होतो. आकाशगंगा दिसत होती, पुण्यात विसरलोच होतो मी ती.

तुमचे सगळे प्रतिसाद सांगितले. दह्याचं भांडं, जी-नऊ, पाटणं, चारशे मीटर. दादाला बिबट्या पटला, साहजिक आहे, त्यालाच रात्री यावं लागतं. अण्णा ऐकत होते. मग व्हॉयेजरचं सांगितलं. त्यांनी विचारलं, आपल्या मराठीत काय म्हटलंय? मी म्हटलं, नमस्कार, पृथ्वीवरचे लोक शुभविचार पाठवतात, तुम्ही या जन्मी धन्य व्हा, असं काहीतरी. मी फोनवर शोधून बाकीच्या भाषांतलं पण वाचून दाखवलं. त्यात चीनच्या एका बोलीत म्हटलंय की मित्रांनो, बरे आहात ना, जेवलात का, वेळ मिळाला तर आमच्याकडे या.

अण्णा उठून बसले. "आपल्या बाईनी जेवाले या म्हटलंच नाही?"

नाही म्हटलं.

"धन्य व्हा म्हटलं नुसतं? अन् मग विचारतात का येत नाही!"

डाऊन_लाईन

अण्णा 🙏🙏 फर्मीला कोणीतरी कळवा.

भरीतप्रेमी

अखेर माझा विषय आला. पुढच्या यानात पाठवायचं वाक्य ठरवा. माझं : "या भो, वावरात भरीत पार्टी शे." काट्या पेटवून भाजलेलं वांगं, बडगीत ठेचलेलं, वर कच्चं तेल.

शिरपूरची_लेक

अहिराणीतच का? लेवा लोकांनी काय घोडं मारलंय, भरीत तर त्यांचं!

नंदुरबारी

आणि पावरी, भिलोरी? सातपुडा काय रिकामा आहे?

शंकासूर

कोणी नाहीये हे मी अजूनही म्हणतो. पण भरीत असेल तर मला लोकेशन टाका.

अ‍ॅडमिन

भरीताच्या मालकीवर वाद नको, तो धागा गेल्या हिवाळ्यात कुलूपबंद केला होता.

केळीवाला_काका

ते सगळं ठीक आहे पोरांनो. रावेरकर, तुमच्या फीडरला लाईट दिवसाची कधीपासून होणार, काही कळलं का?